रस्ता सर्वांचा, मग जागा फक्त गाडीवाल्याचीच का?

१ जून २०२५ पासून पुण्यात पीएमपीच्या बसचे किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले. ९०० रुपयांचा मासिक पास १५०० रुपयांचा झाला. एका झटक्यात दुप्पट-दीडपट वाढ. चार दिवस बातम्या आल्या, एक-दोन संघटनांनी निवेदने दिली, आणि संपले. लोहियानगरातून, काशेवाडीतून, ताडीवाला रोडवरून, जनता वसाहतीतून रोज कामाला जाणाऱ्या माणसाने खिशातून जास्तीचे पैसे काढले आणि तो मुकाट्याने बसमध्ये चढला. त्याचे कोणी ऐकले नाही, कारण त्याच्या बाजूने ओरडणारे कोणी नव्हते.

आता दुसरे चित्र बघा. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केले. रस्त्यावर खासगी गाडी उभी करायची असेल तर जागेचे भाडे द्या, एवढाच त्याचा गाभा. त्यावर केवढे रण माजले! व्यापारी उठले, सर्वपक्षीय पुढारी उठले, 'सामान्य पुणेकरांवर अन्याय' अशी आरोळी झाली. अखेर फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करू, अशी माघार घेण्यात आली आणि तो प्रयोगही कागदातच अडकला. त्यानंतर हा विषय पुन्हा पुन्हा टेबलावर आला आणि पुन्हा पुन्हा मागे सारला गेला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढची काही वर्षे प्रशासकाची राजवट राहिली. त्या काळात मतांची भीती नव्हती, तरीही गाडीवाल्याला हात लावण्याची हिंमत झाली नाही.

बसवाल्याचे तिकीट दुप्पट करायला एक आदेश पुरतो. मोटारवाल्याकडून तासाचे दहा-वीस रुपये मागायला मात्र वर्षानुवर्षे पुरत नाहीत. या शहरात 'सामान्य पुणेकर' म्हणजे नेमके कोण, हे या दोन घटनांतून कळते.

आपल्या चळवळीतल्या अनेकांना वाटेल की पार्किंग हा आपला विषय नाही. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, शासकीय नोकऱ्यांतले खासगीकरण हे प्रश्न जळत असताना मोटारी कुठे लावाव्यात याची चर्चा आपण का करायची? हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

पुणे हे पेशव्यांच्या राजधानीचे शहर. या शहराच्या रस्त्यावर अस्पृश्याने कसे चालावे याचे नियम होते. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून त्याला चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात जगापुढे मांडले. म्हणजे रस्ता होता, पण तो सर्वांचा नव्हता. केरळात १९२४ साली वैकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतालच्या रस्त्यांसाठी. १९२७ साली महाडला आपण गेलो ते सार्वजनिक तळ्यासाठी. याच पुण्यात १९२९ साली पर्वतीचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पैशातून जे उभे राहते त्यावर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क, हे तत्त्व या लढ्यांनी रुजवले.

तेच तत्त्व पुढे संविधानात आले. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम उघडून पाहा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. रस्ता ही संविधानाने नाव घेऊन सर्वांसाठी खुली केलेली वस्तू आहे. अशा वस्तूचा निम्मा भाग जर दिवसभर काही लोकांच्या खासगी मालमत्तेने अडवला आणि त्याबद्दल ते शासनाला एक पैसा देत नसतील, तर तो वाहतुकीचा प्रश्न राहत नाही. तो सार्वजनिक मालमत्तेच्या वाटपाचा प्रश्न होतो. आणि वाटपाचा प्रश्न हा नेहमीच आपला प्रश्न असतो.

थोडा हिशेब मांडू. एक मोटार उभी करायला सुमारे ५ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दोन मोटारींची जागा झाली २५ चौरस मीटर. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. महाराष्ट्रात झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कित्येक वर्षे एका अख्ख्या कुटुंबाला एवढेच घर मिळत होते! पुढे ते ३०० चौरस फूट झाले. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला उघड्यावर २३ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरलेली आहे. म्हणजे तळघरातल्या एका मोटारीला आपल्या झोपडपट्टीतल्या पाच-सहा माणसांच्या कुटुंबापेक्षा जास्त जागा. ते घर मिळवण्यासाठी आपला माणूस पुरावे गोळा करीत वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो, अपात्र ठरतो, पुन्हा अपील करतो. मोटारीला मात्र कोणी पुरावा विचारत नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली की पात्र ठरली.

याच साडेबारा चौरस मीटरचा दुसरा हिशेब पथारीवाल्यांचा. भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला दीड मीटर बाय एक मीटर जागा पुरते. एका मोटारीच्या जागेत अशा सहा जणी बसतील आणि गिऱ्हाइकाला उभे राहायलाही जागा उरेल. म्हणजे सहा चुली पेटतील. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला, शहर फेरीवाला समिती बंधनकारक केली, पाहणी झाल्याशिवाय कोणाला उठवू नये असे सांगितले. तरीही अतिक्रमण विभागाची गाडी आली की पाट्या उचलल्या जातात, हातगाड्या जप्त होतात. परवाना असलेला पथारीवाला महापालिकेला जागेचे भाडे भरतो, थकले तर त्याला नोटीस येते. आणि त्याच्या शेजारी सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असलेली मोटार एक रुपयाही देत नाही. भाडे भरणारा 'अतिक्रमण' ठरतो आणि फुकट जागा अडवणारा 'करदाता नागरिक' ठरतो. ही भाषाच तपासून पाहण्याची गरज आहे.

पेठांचे पुणे मोटारीसाठी बांधलेलेच नव्हते. कसबा, शनिवार, बुधवार, रविवार, नाना, भवानी, गंज, रास्ता या पेठा पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाडीच्या काळातल्या. वाडे, बोळ, अरुंद रस्ते. तिथे रस्ता रुंद करायचा म्हटले तर घरे पाडावी लागतात आणि पाडायची वेळ आली की पहिला हातोडा कोणाच्या घरावर पडतो हे सांगायला नको. २०१८ साली शहरातील वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या छापून आल्या. एवढी वाहने या पेठांत कोणत्याही युक्तीने मावणार नाहीत. पी-वन, पी-टू च्या पाट्या लावून सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावण्याची जुनी पद्धत आहे. पण या पद्धतीत फक्त बाजू बदलते. जागा फुकटच राहते.

जागा फुकट असली की काय होते? सकाळी दुकान उघडताना मालकाची गाडी दारात लागते ती रात्री दुकान बंद होईपर्यंत हलत नाही. मग गिऱ्हाईक जागा शोधत त्याच रस्त्याला तीन-तीन चकरा मारते. कोंडी होते ती या चकरांमुळेही. धूर होतो तो या चकरांमुळेही. केंद्राच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत पुण्याचे नाव आहे. तो धूर सर्वांत जास्त कोणाच्या छातीत जातो? रस्त्यावर दिवस काढणाऱ्यांच्या. झाडूवाल्यांच्या, कचरा वेचणाऱ्या बायांच्या, हमालांच्या, पथारीवाल्यांच्या, रिक्षावाल्यांच्या. महापालिकेचा सफाई कामगार पहाटे उभ्या गाड्यांच्या चाकांमधून झाडू घालतो. 'स्वच्छ' संस्थेच्या कष्टकरी बाया दारोदारचा कचरा गोळा करून ढकलगाडी नेतात, तेव्हा पदपथावर चढवलेल्या गाड्यांमुळे त्यांना भर रस्त्यात उतरावे लागते. या कामावर कोणत्या जातींची माणसे आहेत हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ साली फुकट पार्किंगची किंमत या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साधे आहे. पार्किंग फुकट कधीच नसते. त्याची किंमत गाडी नसलेला माणूसही भरत असतो. रस्ता बांधला कराच्या पैशातून, त्याची डागडुजी कराच्या पैशातून, आणि वापर मात्र गाडीवाल्याचा. शूप यांनी तीन गोष्टी सुचवल्या. प्रत्येक टापूत एक-दोन जागा नेहमी रिकाम्या राहतील एवढे भाडे ठेवा. मिळालेला पैसा त्याच भागाच्या सुधारणेवर खर्च करा. आणि प्रत्येक इमारतीत इतक्या गाड्यांची जागा ठेवलीच पाहिजे ही सक्ती काढून टाका. आपल्याकडे २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ही पार्किंगची सक्ती आहे. ज्याच्याकडे मोटार नाही त्यालाही घराच्या किमतीत मोटारीच्या जागेचा भार सोसावा लागतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर कुटुंबांपैकी जेमतेम सात-आठ कुटुंबांकडे मोटार असल्याचे दिसले. उरलेल्या ९२ कुटुंबांनी या सात-आठांची जागा का पोसायची?

जपानने १९६२ साली कायदा केला की गाडी ठेवायला स्वतःची जागा असल्याचा दाखला दाखवा, मगच मोटार घ्या. ॲम्स्टरडॅम हे जुन्या अरुंद रस्त्यांचे शहर. तिथल्या महापालिकेने २०१९ साली रस्त्यावरच्या दहा हजारांहून जास्त पार्किंगच्या जागा काढून तिथे झाडे, सायकली आणि चालणाऱ्यांसाठी जागा करण्याचे ठरवले. आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीही २०२५ साली पार्किंगच्या दाखल्याशिवाय नवी मोटार नोंदवू नये अशी भाषा केली. भाषा चांगली आहे. पण २०१८ चा अनुभव पाहता घोषणा आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असते हे आपल्याला ठाऊक आहे.

आता आपल्यातल्याच एका आक्षेपाकडे येऊ. कार्यकर्ते म्हणतील, 'अहो, गाडी आज आपल्या पोरांकडेही आहे. डिलिव्हरीवाला, प्लंबर, वायरमन, विमा एजंट, सगळे दुचाकीवर फिरतात. पार्किंगला पैसे लावले तर पहिला फटका यांनाच बसेल.' हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पोटासाठी दुचाकी चालवणारा आणि खरेदीसाठी मोटार आणणारा यांना एकाच तराजूत तोलणे अन्याय आहे. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी बसतात, तेव्हा भाडेही जागेच्या हिशेबानेच असले पाहिजे. मालाची चढउतार करणाऱ्याला, डिलिव्हरीवाल्याला थोडा वेळ विनामूल्य द्या. अपंगांसाठी जागा राखून ठेवा. रिक्षातळ हलवू नका. पण 'दुचाकीवाल्या गरिबाला त्रास होईल' या ढालीमागे मोटारवाला लपतो आहे, हेही ओळखा. २०१८ साली गरिबांच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी किती जण २०२५ मध्ये बसभाडे वाढल्यावर रस्त्यावर उतरले? आणि आपला पोरगा दुचाकी का घेतो? बस वेळेवर येत नाही म्हणून. हप्त्यावर घेतलेली दुचाकी ही कित्येकदा चैन नसते, तो बसच्या नाकर्तेपणाचा दंड असतो.

शहरी वाहतुकीच्या केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे दर हजार लोकांमागे ०.६ बस असाव्यात. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरही सुमारे २९०० बस लागतात. पीएमपीचा ताफा दोन हजारांच्या आसपास घुटमळतो. २००६ साली देशातला पहिला बीआरटी मार्ग या शहरात सुरू झाला. त्यात खासगी गाड्या घुसल्या, आणि नगर रस्त्यावरची मार्गिका तर पुढे उखडून टाकण्यात आली. २०२१ साली पेठांसाठी 'पुण्यदशम' नावाने छोट्या बस सुरू झाल्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा अशी योजना. कल्पना उत्तम होती. पण ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या आहेत त्या रस्त्यावर छोटी बसही अडकूनच पडते. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी पेठांच्या पोटातून धावते आहे. आता तरी 'पर्याय नाही' ही सबब उरलेली नाही. आणि याच मेट्रोसाठी कामगार पुतळा वसाहतीतल्या कुटुंबांना उठवून हडपसर-विमाननगरकडे पाठवले गेले. शहराच्या मध्यातून ज्यांना बाहेर काढले त्यांना कामाला परत मध्यातच यावे लागते. त्यांच्यासाठी बस ही भाकरीइतकी गरजेची आहे.

हे जमेल का, असे विचारणाऱ्यांना एकच दाखला देतो. दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो अनुयायी येतात. त्या दिवशी गाड्या दूरच्या वाहनतळांवर लावल्या जातात आणि तिथून पीएमपीच्या शेकडो बस लोकांना स्तंभापर्यंत नेतात. म्हातारी माणसे, कडेवर मुले घेतलेल्या बाया, सगळे शिस्तीने बसमधून जातात, उरलेले अंतर चालतात. 'माझी गाडी दारापर्यंतच गेली पाहिजे' असा हट्ट तिथे कोणी धरत नाही. जे आपला समाज एका दिवसात लाखोंच्या संख्येने करून दाखवतो, ते शनिवारवाडा आणि लक्ष्मी रोडच्या परिसरात वर्षभर का होऊ शकत नाही? ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रोडचा काही भाग एका दिवसासाठी गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. त्या दिवशी बाजार बुडाला नाही. मग वर्षातला एकच दिवस चालणाऱ्यांचा, आणि बाकीचे ३६४ गाडीवाल्यांचे का?

महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचे ठरले तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. मंडईच्या भव्य इमारतीवर लोकांचा पैसा ओतण्यालाही त्यांचा विरोध होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. आज त्या मंडईच्या भोवती मिनर्व्हा आणि आर्यन असे बहुमजली वाहनतळ उभे आहेत, आणि तरीही रस्त्याच्या कडा गाड्यांनी भरलेल्या असतात, कारण रस्ता फुकट असताना पैसे देऊन वर कोण चढवणार? लोकांचा पैसा कोणासाठी खर्च होतो, हा जोतीरावांचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही तिथेच उभा आहे.

म्हणून चळवळीने या प्रश्नात मुग गिळून बसू नये. पार्किंगला भाडे लावा, पण आमच्या अटींवर, असे ठणकावून सांगावे. भाडे जागेच्या मापाने घ्या. मोटारीला जास्त, दुचाकीला नाममात्र. येणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून बसभाडे पूर्ववत करा, बस वाढवा, पदपथ दुरुस्त करा. तो ठेकेदाराच्या घशात आणि उड्डाणपुलांच्या टेंडरात जाता कामा नये. वसुली ठेकेदारी टोळ्यांना न देता छापील पावती आणि जाहीर फलक यांवर चालवा, आणि तिथे काम करणाऱ्यांना किमान वेतन व भविष्य निर्वाह निधी द्या. गाड्या हटवून जी जागा मोकळी होईल, तिच्यावर २०१४ च्या कायद्याप्रमाणे पथारीवाल्यांचा पहिला हक्क माना. पूर्वेकडच्या पेठा आणि झोपडपट्ट्यांपर्यंत बस आधी पोचवा. सुशोभीकरण फक्त जंगली महाराज रोडपुरते ठेवू नका. या अटी नसतील तर पार्किंग धोरण म्हणजे गरिबांना हुसकून श्रीमंतांसाठी चकचकीत रस्ते करण्याचे आणखी एक साधन ठरेल. आणि आपण गप्प राहिलो तर तेच होणार आहे.

वॉर्ड सभेत, फेरीवाला समितीत, महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत आपल्या कार्यकर्त्यांनी हा विषय काढलाच पाहिजे. आपल्या नगरसेवकाला एक साधा प्रश्न विचारा: बसचे तिकीट वाढले तेव्हा तुम्ही कुठे होता, आणि पार्किंगचे भाडे लावायची वेळ आली तेव्हा कोणाच्या बाजूने उभे राहिलात? ज्या रस्त्यावरून आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके बांधून चालावे लागले, त्याच रस्त्याच्या कडेला आज आपली माणसे उभ्या गाड्यांमधून वाट काढीत जातात. मडके गेले ते लढून गेले. रस्त्यावरचा आपला वाटाही मागितल्याशिवाय मिळणार नाही.

जय भीम!